बेंगळुरूतला विद्यार्थी आणि दर किलोमीटरचा कार्बन

बेंगळुरूच्या 'नम्म मेट्रो'त काही स्थानकांना शिक्षणसंस्थांचीच नावे आहेत. जांभळ्या मार्गावर ज्ञानभारती आणि सर एम. विश्वेश्वरय्या सेंट्रल कॉलेज, हिरव्या मार्गावर नॅशनल कॉलेज आणि राष्ट्रीय विद्यालय रोड. रस्त्यावर मात्र राज्य दुचाकीचे आहे. शहरात नोंदलेली वाहने एक कोटीच्या पुढे गेली असून त्यांतील साधारण दोन तृतीयांश दुचाकी आहेत. कॉलेजला जाण्याचे साधन ठरवताना वेळ आणि पैसा पाहिला जातो. कार्बन सहसा कोणी मोजत नाही. तो मोजायला कागद-पेन्सिल पुरते.

एक लिटर पेट्रोल जळाले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. पेट्रोलचे स्वतःचे वजन जेमतेम पाऊण किलो. बाकीची भर हवेतल्या ऑक्सिजनची. लिटरला ५० किलोमीटर धावणारी स्कूटर त्यामुळे दर किलोमीटरला ४६ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडते. कोंडीत मायलेज ४० वर आले, तर ५७-५८ ग्रॅम. मागच्या सीटवर मैत्रीण बसली, तर हाच आकडा माणशी जवळपास निम्मा होतो.

आता बस. एक लिटर डिझेलमधून सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो आणि शहरात बस लिटरला चारेक किलोमीटर जाते. म्हणजे किलोमीटरला जवळपास ६७० ग्रॅम. बसमध्ये १५ प्रवासी असतील, तर माणशी ४५ ग्रॅम, म्हणजे एकट्याच्या स्कूटरइतकेच. प्रवासी ४५ झाले की हा आकडा १५ ग्रॅमवर येतो. बसचा हिरवेपणा इंजिनापेक्षा भरलेल्या आसनांवर अवलंबून असतो. शिवाय बस ठरल्या वेळी सुटणारच असते. तीत आणखी एक विद्यार्थी चढल्याने डिझेल नावापुरतेच जास्त लागते.

बेंगळुरूची शहर बससेवा चालवणाऱ्या 'बीएमटीसी'ने अलीकडच्या वर्षांत विजेवरच्या बस रस्त्यावर आणल्या आहेत. त्यांना 'शून्य प्रदूषण' म्हणणे अर्धेच खरे आहे. मोठी बस किलोमीटरला एक ते सव्वा युनिट वीज घेते. देशाच्या ग्रिडमधील एका युनिटमागे कार्बन डायऑक्साइड सुमारे ७०० ग्रॅम धरला, तर हा आकडा डिझेल बसच्या आसपासच, किंबहुना थोडा वरच जातो. फायदा आहे तो धुराचा: स्टॉपवर उभ्या असलेल्यांच्या नाकात काजळी जात नाही. आणि ग्रिडमध्ये सौर वीज वाढत जाईल तसा तोच बसताफा आपोआप स्वच्छ होत जातो. शेजारच्या तुमकुरू जिल्ह्यातला पावगडाचा सौर प्रकल्पच २,०५० मेगावॉटचा आहे. विजेच्या स्कूटरचे गणित अधिक सरळ आहे. किलोमीटरला सुमारे ३० वॉट-तास म्हणजे २० ग्रॅमच्या आसपास, पेट्रोलच्या निम्म्याहून कमी.

खर्चाच्या बाजूने बसला तोड नाही. 'बीएमटीसी'चे सवलतीचे विद्यार्थी पास आहेतच. त्याखेरीज ११ जून २०२३ पासून 'शक्ती' योजनेत कर्नाटकच्या रहिवासी महिलांना साध्या बसचा प्रवास मोफत आहे. बेळगावहून शिकायला आलेली मराठी मुलगी यात बसते. कोल्हापूरहून आलेलीला तिकीट किंवा पास काढावा लागतो.

मेट्रो २० ऑक्टोबर २०११ रोजी बैयप्पनहळ्ळी ते एम. जी. रोड या टप्प्यावर सुरू झाली. ऑगस्ट २०२५मध्ये राष्ट्रीय विद्यालय रोड ते बोम्मसंद्र हा सुमारे १९ किलोमीटरचा पिवळा मार्गही जोडला गेला. पोलादी रुळावर पोलादी चाकाला रबरी टायरपेक्षा खूपच कमी विरोध होतो, म्हणून तेवढेच वजन ओढायला कमी ऊर्जा लागते. ब्रेक लावताना गाडीच्या मोटारी जनित्र बनतात आणि वीज तिसऱ्या रुळात परत सोडतात. अडचण दोन ठिकाणी आहे. फेब्रुवारी २०२५च्या दरवाढीत कमाल भाडे ६० रुपयांवरून ९० रुपये झाले आणि विद्यार्थ्यांसाठी वेगळी सवलत ठेवली गेली नाही. दुसरी अडचण स्थानकापासून कॉलेजपर्यंतच्या शेवटच्या दीड-दोन किलोमीटरची. फीडर बस वेळेवर नसेल, तर रिक्षावाल्याशी घासाघीस आलीच.

हे अंतर सायकलचे आहे. टॉमटॉम या नकाशा-कंपनीच्या २०२४च्या पाहणीत बेंगळुरूत १० किलोमीटर गाडी चालवायला सरासरी ३४ मिनिटे १० सेकंद लागत होती (पुणेकरांनी हसू नये, त्यांची ३३ मिनिटे २२ सेकंद होती). म्हणजे ताशी साडेसतरा किलोमीटर. रमतगमत जाणारा सायकलस्वार ताशी १५ गाठतो. समुद्रसपाटीपासून ९०० मीटरवरच्या या शहराची हवा बरीच सौम्य आहे. चढउतार मात्र आहेत आणि सायकलचे स्वतंत्र मार्ग तुटक. कोंडीच्या हमरस्त्यावर दमून खोल श्वास घेणाऱ्याच्या फुप्फुसात धूरही जास्त जातो, त्यामुळे वसाहतींतून जाणारी आतली वाट किलोमीटरभर लांब पडली तरी बरी.

या सगळ्यांहून मोठा आकडा अंतराचा आहे. कॉलेजपासून आठ किलोमीटरवर पीजीत राहणारा विद्यार्थी वर्षाचे २०० दिवस एकटाच पेट्रोल स्कूटरवर ये-जा करत असेल, तर ३,२०० किलोमीटर, ६४ लिटर पेट्रोल आणि सुमारे १४७ किलो कार्बन डायऑक्साइड होतो. पेट्रोल लिटरला १०० रुपये धरले, तरी ६,४०० रुपये. खोली दोन किलोमीटरवर मिळाली, तर तीच स्कूटर वापरूनही हे सगळे एक चतुर्थांशावर येते. जवळच्या खोलीचे भाडे वर्षाला ४,८०० रुपयांपर्यंत जास्त असले, तरी ते पेट्रोलच्या बचतीतूनच सुटते.