विश्लेषण : धर्मप्रांताच्या परिषदेत मंडळीचा प्रतिनिधी नेमके काय करतो?

चर्चचा कारभार बिशप आणि पाळकच चालवतात, असा अनेकांचा समज असतो. पण चर्च ऑफ नॉर्थ इंडिया म्हणजेच सीएनआयमध्ये मोठे निर्णय परिषदेत होतात आणि तिथे मंडळीने निवडलेल्या सामान्य सभासदांनाही मत असते. गोंदिया जिल्ह्यातील एखादी शिक्षिका किंवा रेल्वे कर्मचारी नागपूर धर्मप्रांताच्या परिषदेत पहिल्यांदा प्रतिनिधी म्हणून जातो, तेव्हा त्याच्यावर कोणती जबाबदारी असते?

सीएनआयची रचना कशी आहे?

तळाशी स्थानिक मंडळ्यांचे पास्टोरेट, त्यावर धर्मप्रांत आणि सर्वात वर सिनॉड, अशी ही तीन पायऱ्यांची रचना आहे. धर्मप्रांतीय परिषदेत बिशप, पाळक आणि पास्टोरेटनी निवडून दिलेले सभासद एकत्र बसतात. हीच परिषद सिनॉडवर जाणारे प्रतिनिधी निवडते.

रोमन कॅथलिक चर्चमध्येही धर्मग्रामाच्या पातळीवर परिषद असते, पण तिचे मत सल्ल्यापुरते असते. सीएनआयमधील प्रतिनिधीचे मत मोजले जाते, हा महत्त्वाचा फरक आहे.

नागपूरशी नाते काय?

सीएनआयची स्थापनाच २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात झाली. अँग्लिकन, बाप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स यांच्यासह सहा चर्च संस्था एकत्र आल्या. त्यासाठीच्या वाटाघाटी १९२९ पासून सुरू होत्या. मेथडिस्ट चर्च इन सदर्न एशिया ही मोठी संस्था मात्र चर्चेत असूनही ऐनवेळी बाहेर राहिली. तो निर्णयही मतदानानेच झाला होता.

परिषदेत काय घडते?

सुरुवात साधारणपणे उपासनेने आणि बिशपच्या अभिभाषणाने होते. त्यानंतर मागील सभेचे इतिवृत्त, जमाखर्च, अंदाजपत्रक, समित्यांचे अहवाल, ठराव आणि निवडणुका असे विषय येतात.

नवख्या प्रतिनिधीची अडचण इथेच होते. भाषा ठरावांची असते, कागद पुष्कळ असतात आणि जुनी मंडळी पटापट हात वर करतात. इतिवृत्त कायम करायला हात वर करणे ही केवळ रीत वाटते. पण त्यात चुकीची नोंद असेल, तर त्या होकाराने तीच अधिकृत ठरते. समजले नाही तर विचारणे, ठराव पुन्हा वाचून दाखवण्याची विनंती करणे, विरोधात मत देणे आणि आपली असहमती इतिवृत्तात नोंदवण्याची मागणी करणे, यात उद्धटपणा नाही. सभेचे कामकाज असेच चालते.

सर्वात जास्त लक्ष कुठे द्यावे?

जमिनीच्या विषयाकडे. मिशनच्या काळातील शाळा, दवाखाने, बंगले आणि दफनभूमी यांच्या जागा आज अनेक शहरांत मोक्याच्या ठिकाणी आहेत. अशी मालमत्ता बहुतेकदा स्थानिक मंडळीच्या नव्हे, तर ट्रस्टच्या नावे असते. त्यामुळे गावातील जागेचा निर्णय गावाबाहेर होऊ शकतो आणि मंडळीला तो उशिरा कळतो.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० चर्चच्या नोंदणीकृत ट्रस्टनाही लागू आहे. त्याच्या कलम ३६ नुसार स्थावर मालमत्तेची विक्री, अदलाबदल किंवा बक्षीस देण्यासाठी धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते. शेतजमीन १० वर्षांपेक्षा जास्त, तर बिगरशेती जमीन किंवा इमारत ३ वर्षांपेक्षा जास्त काळ भाडेपट्ट्याने द्यायची असली, तरीही ती लागते. म्हणून अशा ठरावावर मत देण्यापूर्वी जागा कोणत्या ट्रस्टच्या नावे आहे, मूल्यांकन झाले का, मंजुरीसाठी अर्ज होणार का आणि येणारा पैसा कशासाठी वापरणार, हे चार प्रश्न विचारलेच पाहिजेत.

जाण्यापूर्वी आणि परतल्यावर काय?

विषयपत्रिका आधी मिळाली, तर ती पास्टोरेट समितीत वाचून घेणे उपयोगी ठरते. पाळकाची बदली, थकलेली वर्गणी, छताची दुरुस्ती यांवर मंडळीचे म्हणणे काय, हे लिहून न्यावे. मात्र प्रतिनिधी हा निव्वळ निरोप्या नाही. चर्चा ऐकून पूर्ण धर्मप्रांताच्या हिताचे वाटेल तसे मत देण्याची मोकळीक त्याला हवी, आणि आधीच्या मतापासून तो हटला तर त्याचे कारण मंडळीला कळायला हवे.

नागपूरहून गोंदियाला परतायला रेल्वेने सुमारे १३० किलोमीटरचा प्रवास आहे. तेवढ्या वेळात वहीच्या एका पानावर कोणते ठराव झाले, आपण कुठे मत दिले आणि पैशाचे काय ठरले, एवढे लिहून होते. पुढच्या रविवारी उपासनेनंतर ते पान वाचून दाखवले, तर ज्यांनी निवडून दिले त्यांना आपल्या नावाने काय ठरले ते कळते. हे वाचन झाले नाही, तर मंडळीसाठी ती परिषद झाली काय आणि न झाली काय, सारखेच.