कथेची वीण, लेखांक सहावा : खलनायक तीन, प्रश्न किती?

खलनायक नायकाच्या नेमक्या मर्मावर बोट ठेवतो तेव्हाच कथा पेट घेते, हे मागच्या लेखांकात पाहिले. आता एकाच वेळी तिघे-चौघे बोट ठेवू लागले तर काय होते, ते पाहू.

सॅम रेमी यांचा ‘स्पायडर-मॅन ३’ मे २००७ मध्ये आपल्याकडे लागला. हिंदी, तमिळ, तेलुगू आणि भोजपुरीतही तो डब झाला होता. मराठीत तो आला नाही. कन्नड सिनेउद्योगाचा तेव्हा डबिंगला अनेक दशकांचा विरोध होता, त्यामुळे कन्नडमध्येही नाही. म्हणजे बेळगाव-निपाणीकडच्या पोरांनी, घरची बोली मराठी असो वा कन्नड, पीटर पार्करला ऐकले ते बहुधा हिंदीतच. चित्रपटाने जगभरात सुमारे ८९ कोटी डॉलर गोळा केले, आधीच्या दोन्ही भागांपेक्षा जास्त. गल्ल्याची तक्रार कुणाचीच नव्हती. तरीही दुसरा भाग ज्यांच्या मनात घर करून होता, ते प्रेक्षक हिरमुसले. त्यांचे हिरमुसणे रास्त होते.

२००४ च्या त्या दुसऱ्या भागात खलनायक एक आणि प्रश्नही एकच : आपल्याला हवे तसे जगायचे की अंगावर आलेली जबाबदारी निभवायची? पीटरची नोकरी जाते, अभ्यास मागे पडतो, जिच्यावर प्रेम ती मेरी जेन दुरावते. समोर उभा असलेला डॉक्टर ऑक्टोपस स्वतःच्या स्वप्नापायी शहर पणाला लावतो आणि शेवटी ते स्वप्न आपल्या हाताने बुडवतो. पीटरला जे जमायला हवे, तेच त्याचा शत्रू करून दाखवतो. मला हा सुपरहिरोपटांतला सर्वांत बांधेसूद भाग वाटतो.

तिसऱ्या भागात सँडमॅन, म्हणजेच फ्लिंट मार्को, येतो, त्याच्यासोबत क्षमेचा प्रश्न. हॅरी ऑस्बॉर्न येतो, बापाच्या सुडाचा आणि तुटलेल्या मैत्रीचा प्रश्न घेऊन. अवकाशातून आलेला काळा पोशाख अहंकार जागवतो. मत्सराने जळणारा एडी ब्रॉक तोच पोशाख अंगावर घेऊन व्हेनम बनतो. शिवाय पीटरची वर्गमैत्रीण ग्वेन स्टेसी आहेच. यातल्या प्रत्येकावर स्वतंत्र चित्रपट उभा राहिला असता. इथे सगळ्यांना मिळून १३९ मिनिटे. मग कथेची कामे योगायोगावर सोपवावी लागतात. उल्का पडते ती नेमकी पीटरच्या दुचाकीजवळ. हॅरीची स्मृती सोयीने जाते, सोयीने परतते. त्याच्या वडिलांच्या मृत्यूचे खरे कारण ठाऊक असलेला म्हातारा नोकर इतका काळ गप्प बसतो आणि लेखकाला गरज पडल्यावर बोलतो.

वाईट याचे वाटते की याच गर्दीत एक अप्रतिम प्रसंग आहे. वाळूच्या ढिगातून फ्लिंट मार्को कणाकणाने उभा राहतो, कोसळतो, पुन्हा उभा राहू पाहतो. संवाद एकही नाही. आजारी मुलीचे लॉकेट उचलायला तो हात पुढे करतो आणि वाळूचा हात विरून जातो. एका बापाची सगळी व्यथा तेवढ्यात कळते. पण पुढे बराच वेळ हा माणूस पडद्यावरून गायबच होतो.

त्याहून मोठे नुकसान पायाचे झाले. पीटरने सोडून दिलेल्या चोरानेच बेनकाकांना मारले, या अपराधभावावर पहिला भाग उभा होता. तिसरा भाग सांगतो की गोळी मार्कोच्या हातून सुटली. खलनायकाला नायकाच्या आयुष्यात जागा करून द्यायची म्हणून नायकाचेच मूळ दुःख पातळ केले गेले.

व्हेनम रेमींना मनापासून नको होता. तो कॉमिक्सच्या वाचकांचा लाडका आहे म्हणून निर्माते अवी अराद यांनी आग्रह धरला. सगळ्या पात्रांवर आपला विश्वास नव्हता, हे रेमींनी पुढे मोकळेपणाने सांगितले. चौथ्या भागाची तयारी सुरू होती, ती जानेवारी २०१० मध्ये थांबली. २०१४ च्या ‘द अमेझिंग स्पायडर-मॅन २’ मध्येही तीन खलनायक आणि पुढच्या चित्रपटांची पेरणी कोंबली गेली; ती मालिकाही तिथेच संपली.

म्हणून पात्रे कमी ठेवावीत, असे मात्र नव्हे. आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला १८४३ मध्ये जन्मलेल्या अण्णासाहेब किर्लोस्करांचे १८८२ चे ‘सौभद्र’ घ्या. कृष्ण, बलराम, अर्जुन, नारद, घटोत्कच : आजच्या भाषेत सगळेच सुपरहिरो. पण रंगमंचावर प्रश्न एकच, सुभद्रेचे लग्न कुणाशी? दुर्योधनाशी ते ठरल्याची बातमी नारद अर्जुनाला देतो. घटोत्कच सुभद्रेला उचलून नेतो म्हणून ते लग्न अडते. ज्याला अर्जुन मेहुणा नको, तो बलरामच यतीच्या वेषातल्या अर्जुनाला घरी आणतो आणि बहिणीला त्याच्या सेवेला लावतो. इथे कुणीही आपली वेगळी कहाणी घेऊन येत नाही. गोकाककडचे कन्नड ‘श्रीकृष्ण पारिजात’ रात्रभर चालते, तेही एका फुलाच्या आधारावर. नारदाने आणलेले फूल रुक्मिणीला मिळते, सत्यभामा रुसते, आणि प्रत्येक पात्र त्या रुसव्याभोवतीच फिरते.

२०२१ च्या ‘स्पायडर-मॅन : नो वे होम’मध्ये तर पाच खलनायक आणि तीन स्पायडर-मॅन आहेत. तरी गोंधळ होत नाही. या पाचांना त्यांच्या ठरलेल्या मरणाकडे परत पाठवायचे की बरे करायचे, हा एकच पेच सगळ्यांना बांधतो. बरे करण्याचा हट्ट पीटरला मे-काकूच्या जिवाने फेडावा लागतो, तेव्हा तो पेच आणखी आवळतो.

लिहिणाऱ्याने एक एक पात्र काढून पाहावे. ‘सौभद्रा’तून नारद काढला तर अर्जुनाला बातमीच कळत नाही, नाटक सुरूच होत नाही. ‘स्पायडर-मॅन ३’ मधून एडी ब्रॉक काढला तर पीटर आणि मार्को यांच्यातली क्षमेची गोष्ट जशीच्या तशी उरते, उलट तिला श्वास घ्यायला जागा मिळते.

बेनकाकांच्या मृत्यूसारखी आधी सांगून झालेली घटना पुढच्या भागात बदलावी का, बदलायचीच तर कोणत्या अटींवर, हा विषय पुढच्या आठवड्यात घेऊ.