जुनी गाडी: डिझेल की पेट्रोल?

नाशिकमध्ये जुनी गाडी शोधायला निघालेल्या माणसाला एक सल्ला हमखास मिळतो: रोजचं रनिंग पन्नास किलोमीटरच्या वर असेल तर डिझेल घे, नाहीतर पेट्रोल. सल्ला देणारा मनापासून देतो आणि एके काळी त्याचं गणित बरोबरही होतं. २०१२ च्या मे महिन्यात दिल्लीत पेट्रोल लिटरला ७३ रुपयांवर पोहोचलं होतं, तेव्हा डिझेल ४१ च्या आत होतं. डिझेलचा दर सरकार धरून ठेवत होतं. पुढे जानेवारी २०१३ पासून तो महिन्याला थोडा थोडा वाढू लागला आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये पूर्ण मोकळा झाला. बत्तीस रुपयांच्या त्या दरीच्या जागी आता नाशिकमध्ये तेरा-चौदा रुपयांचीच दरी आहे. सल्ला मात्र तोच राहिला.

आणखी एक गोष्ट बदलली. तो सल्ला नव्या गाडीसाठी होता. नवी डिझेल गाडी त्याच मॉडेलच्या पेट्रोल गाडीपेक्षा लाखभर रुपयांनी महाग असायची आणि ते लाख रुपये किती वर्षांत वसूल होतात, एवढाच प्रश्न होता. दहा-बारा वर्षांच्या गाडीत हा फरक बराच उतरलेला असतो. तिथे प्रश्न दुरुस्तीचा असतो. इंधनात वाचलेला पैसा आपल्याकडे राहतो की गॅरेजमध्ये जातो, हे तपासायला हवं.

सुरुवात अ‍ॅव्हरेजपासून. कंपनीने छापलेला आकडा बाजूला ठेवा, तो प्रयोगशाळेतला असतो. टाकी ऑटो-कटपर्यंत भरा आणि किलोमीटर लिहून ठेवा. नेहमीसारखी गाडी चालवा, मग शक्यतो त्याच पंपावर पुन्हा ऑटो-कटपर्यंत भरा. झालेले किलोमीटर भागिले दुसऱ्यांदा भरलेले लिटर, हे तुमचं खरं अ‍ॅव्हरेज. एका टाकीवर विश्वास ठेवू नका, तीन टाक्यांची सरासरी काढा. एसी, घाट, द्वारका चौकातली कोंडी, सगळं त्यात आपोआप येतं.

हिशेबासाठी २०१४ ची स्विफ्ट धरू, कारण ती दोन्ही इंधनांत नाशिकच्या रस्त्यावर मुबलक आहे. शहर-हायवे मिळून पेट्रोल गाडी लिटरला १५ किलोमीटर देते आणि डिझेल १९, असं समजू. दर अनुक्रमे १०४ आणि ९१ रुपये धरू, तुम्ही वाचाल त्या दिवशीचा पंपावरचा दर त्या जागी घाला. पेट्रोलचा किलोमीटर ६ रुपये ९३ पैशांना पडतो, डिझेलचा ४ रुपये ७९ पैशांना. फरक २ रुपये १४ पैसे. मे २०१२ चे दर याच गाड्यांना लावले तर पेट्रोलचा किलोमीटर डिझेलच्या दुपटीहून महाग निघतो. आज तो दीडपटही नाही.

डिझेल जास्त का धावतं, हेही समजून घ्यावं, कारण पुढचा खर्च त्यातूनच निघतो. एका लिटर डिझेलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण दहा टक्के ऊर्जा जास्त असते. उरलेला फायदा इंजिनाच्या रचनेचा. पेट्रोल इंजिन मिश्रण नऊ-दहा पट दाबतं आणि स्पार्क प्लगने पेटवतं. डिझेल इंजिन नुसती हवा सोळा-अठरा पट दाबतं. ती इतकी तापते की डिझेलचा फवारा आत येताच पेट घेतो. पेट्रोल इंजिनात हवेचा रस्ता थ्रॉटलने अडवलेला असतो, त्यामुळे गाडी हळू चालताना इंजिनाची काही ताकद हवा ओढण्यातच खर्ची पडते. डिझेलमध्ये हवा मोकळी येते आणि ताकद फवाऱ्याच्या मापावर ठरते. म्हणून फवारा अचूक हवा.

इथे गोष्ट नाशिकच्या अंगणात येते. मायको सर्कल ज्या कंपनीमुळे मायको सर्कल झालं, तिचा सातपूरचा कारखाना, म्हणजे आजचा बॉश, डिझेलचे नोझल आणि इंजेक्टरच बनवतो. या शहरातल्या किती घरांची चूल त्या नोझलवर पेटली, हे सातपूर-अंबडच्या लोकांना वेगळं सांगायला नको. स्विफ्टच्या कॉमन रेल डिझेल इंजिनात इंधन कमाल सोळाशे बारच्या आसपास दाबाखाली असतं, म्हणजे गाडीच्या टायरमधल्या हवेच्या सातशे पटीहून जास्त. नोझलची भोकं मिलिमीटरच्या एक-दोन दशांशाएवढी आणि आतल्या सुईची फट केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी बारीक. डिझेलमध्ये थोडं पाणी आलं, फिल्टर वेळेवर बदलला नाही, तर या पृष्ठभागांवर ओरखडे येतात. मग फवाऱ्याऐवजी थेंब पडतात, काळा धूर येतो, अ‍ॅव्हरेज घसरतं आणि एक दिवस गाडी सुरूच होत नाही. नोझल दुरुस्त होतो, पण ते काम कॅलिब्रेशनच्या यंत्रावरच होतं.

पेट्रोल गाडीत या कामाच्या तोडीचं महाग काम सहसा नसतं. प्लग, कॉइल, थ्रॉटल बॉडीची सफाई एवढ्यावर भागतं. जुन्या डिझेलला इंजेक्टर, हाय प्रेशर पंप, टर्बो, ईजीआर (धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारी झडप) आणि जास्त ओढीमुळे लवकर झिजणारा क्लच, अशी मोठी कामं असतात. सगळी एकदम येत नाहीत, पण गाडी दहा वर्षांची झाली की एखादं दाराशी उभं असतं. तुमच्या मॉडेलसाठी या कामांचे भाव दोन-तीन गॅरेजमध्ये विचारा आणि पुढच्या पाच वर्षांत कोणती येतील याचा अंदाज घ्या. आपण पाच वर्षांना एक लाख धरू, म्हणजे वर्षाला वीस हजार. दरवर्षीच्या सर्व्हिसला पेट्रोलपेक्षा तीन हजार जास्त, एकूण तेवीस हजार. थर्ड पार्टी विमा इंजिनाच्या सीसीवर ठरतो. १,१९७ सीसीची पेट्रोल स्विफ्ट आणि १,२४८ सीसीची डिझेल एकाच गटात बसतात, म्हणून तिथे फरक नाही.

तेवीस हजाराला २ रुपये १४ पैशांनी भागा. उत्तर येतं वर्षाला सुमारे १०,७०० किलोमीटर, महिन्याला नऊशेच्या आत. त्याच्या वर डिझेल, त्याच्या खाली पेट्रोल.

कॉलेज रोडहून अंबडला कामाला जाणाऱ्याचे जाऊन-येऊन फार तर वीस किलोमीटर होतात, वर्षाचे सहा हजार. डिझेलमध्ये त्याचे जेमतेम तेरा हजार वाचतात आणि बाजूला तेवीस हजार काढून ठेवावे लागतात. रनिंग कमी म्हणजे झीज कमी, असंही इथे धरता येत नाही. पाच-सात किलोमीटरच्या फेऱ्यांत डिझेल इंजिन नीट तापतच नाही, काजळी ईजीआरमध्ये आणि हवेच्या वाटेत साचते. अशा माणसाने डिझेलच्या नादी लागू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. उलट पिंपळगाव बसवंतला रोज ये-जा करणारा व्यापारी साठ किलोमीटरच्या हिशेबाने वर्षाला अठरा हजार किलोमीटर धावतो, तेही मोकळ्या महामार्गावर. त्याचे साडेअडतीस हजार वाचतात. दुरुस्तीचे वेगळे काढूनही पंधरा हजार हाती राहतात. ते तेवीस हजार खरोखर वेगळ्या खात्यात टाकावेत. नाहीतर टर्बोचं बिल आलं की गाडीच महागात पडली असं वाटू लागतं.

पेट्रोलच्या बाजूला एक बदल अलीकडचा आहे. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलच्या दोन-तृतीयांश इतकीच ऊर्जा असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच जुन्या धाटणीच्या चारचाकीचं अ‍ॅव्हरेज सहा-सात टक्क्यांनी घटेल असा अंदाज होता. पूर्वी १६ देणारी गाडी आज १५ देते ती यामुळे. १६ धरून हिशेब केला असता तर डिझेलला परवडायला वर्षाला साडेतेरा हजार किलोमीटर लागले असते. म्हणून तीन वर्षांपूर्वीच्या वहीतलं अ‍ॅव्हरेज वापरू नका. जुन्या गाडीतले काही रबरी भागही लवकर बदलावे लागू शकतात, तो खर्च पेट्रोलच्या खात्यात मांडा. कमी रनिंगवाल्याला एक वाट मात्र फक्त पेट्रोलमध्येच मिळते: मान्यताप्राप्त केंद्रातून सीएनजी किट बसवून आरसीवर नोंद करण्याची.

कागदपत्रांबद्दल एक भीती उगाच पसरली आहे. दहा वर्षांच्या डिझेल गाडीवरची बंदी दिल्ली आणि तिच्या परिसरासाठी आहे, नाशिकच्या एमएच १५ ला ती लागू नाही. इथे पंधरा वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं. एप्रिल २०२२ पासून त्याची फी सहाशेवरून पाच हजार झाली आणि पर्यावरण कर वेगळा द्यावा लागतो, डिझेलला जरा जास्त. २०१४ ची गाडी घेणाऱ्याने २०२९ चा हा खर्च भाव ठरवतानाच मोजावा.

डिझेल घ्यायचंच ठरलं, तर गाडी पाहायला सकाळी लवकर जा आणि आधी बॉनेटवर हात ठेवा. ते थंडच हवं. विकणाऱ्याने इंजिन गरम करून ठेवलं असेल तर खरी परीक्षा होत नाही. थंडीत निफाडचा पारा पाच-सहा अंशांखाली जातो, अशा पहाटे ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू होण्यासाठी आतून तापवणारे प्लग) चांगले असलेली गाडी पहिल्या-दुसऱ्या सेल्फला सुरू होते. सुरू झाल्यावर पांढरा धूर रेंगाळतो का, रेस दिल्यावर काळा ढग निघतो का, पाहा. ऑइलचं झाकण उघडून जोराची वाफ येत असेल तर इंजिनकाम जवळ आलं आहे. नाशिकच्याच महिंद्राच्या कारखान्यात बनलेली लोगन किंवा व्हेरिटो डिझेल असेल तर टायमिंग बेल्ट कधी बदलला याची पावती मागा. बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. स्विफ्टच्या डिझेल इंजिनात बेल्टऐवजी चेन असते. शेवटी डिझेल पंप-नोझलच्या कारागिराकडून लीक-ऑफ चाचणी करून घ्या. चारही इंजेक्टरमधून परत जाणारं डिझेल बाटल्यांत धरतात, एखादी बाटली इतरांपेक्षा भराभर भरली तर तो इंजेक्टर झिजलेला आहे. तसं निघालं तर त्याच्या दुरुस्तीचा आकडा कारागिराकडून लिहून घ्या आणि भावाची बोलणी त्या आकड्यापासून सुरू करा.