पाण्याचा वकील : शंकरराव चव्हाण

पैठणला गोदावरीवर जायकवाडी धरणाची जी भिंत उभी आहे, ती सुमारे दहा किलोमीटर लांबीची आहे. बहुतेक भाग मातीचा, मध्ये सांडव्याचे २७ दरवाजे आणि मागे सुमारे १०२ टीएमसी क्षमतेचा नाथसागर. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट पाणी. पैठण हे संत एकनाथांचे गाव, म्हणून जलाशयाला नाथसागर हे नाव. याच पैठणात १४ जुलै १९२० रोजी एक मुलगा जन्मला. तो शिकून वकील झाला, पुढे राज्याचा पाटबंधारे मंत्री झाला आणि आपल्या जन्मगावी हा सागर उभा करूनच थांबला. मराठवाड्याच्या इतिहासातले हे नवल पुढच्या पिढ्यांना सांगितलेच पाहिजे.

शंकरराव भाऊराव चव्हाण यांनी हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतली. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. घरात मराठी आणि कचेरीत उर्दू असा तो काळ. मराठी मुलखातल्या पक्षकाराचा दावा, त्याची मिसल, त्याची पेशी, सगळे उर्दूत चाले. अशा राज्यात वकिली म्हणजे प्रतिष्ठेची आणि सुखाची वाट होती. पण स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली हैदराबाद मुक्तिसंग्राम पेटला आणि कोर्टांवर बहिष्काराची हाक आली. शंकररावांनी काळा कोट उतरवला आणि सरहद्दीवर उमरखेडला असलेल्या लढ्याच्या कॅम्पवर जाऊन काम केले. त्याच लढ्यात, चांद्याच्या बाजूच्या कॅम्पवर, कायद्याचेच शिक्षण घेतलेला आणखी एक तरुण होता, पी. व्ही. नरसिंह राव. दोघेही स्वामीजींचे शिष्य. १९९१ मध्ये राव पंतप्रधान झाले, तेव्हा देशाचे गृहखाते त्यांनी शंकररावांच्या हाती दिले.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. शंकररावांनी नांदेड ही कर्मभूमी केली. १९५६ मध्ये ते नांदेडचे नगराध्यक्ष होते. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि शंकरराव महसूल खात्याचे उपमंत्री झाले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर पाटबंधारे आणि वीज खाते त्यांच्याकडे आले. ते त्यांनी सलग १९७२ पर्यंत सांभाळले. एकाच मंत्र्याकडे एकच खाते बारा वर्षे राहणे दुर्मीळच. नदी, खोरे, कालवा, पाणीवाटप यांतला बारकावा त्यांनी या बारा वर्षांत आत्मसात केला.

जायकवाडीची मूळ कल्पना बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावाजवळ धरण बांधण्याची होती. पुढे जागा वरच्या अंगाला, पैठणला सरकली, पण नाव तेच राहिले. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन. तेव्हा शंकरराव मुख्यमंत्री होते. डावा कालवा २०८ किलोमीटर, उजवा १३२ किलोमीटर. ज्या रानात पावसाच्या भरवशावर ज्वारी आणि कापूस घेत, तिथे पाट वाहू लागला. या पाण्याखाली शंभराहून अधिक गावे गेली. त्या गावकऱ्यांनी सोडलेली घरे आणि काळ्या जमिनी हीसुद्धा या धरणाची किंमत आहे. नाथसागराकडे पाहताना तिचे स्मरण ठेवणे हे आपले कर्तव्य आहे.

पण धरण बांधले म्हणजे पाणी आपले झाले, असे होत नाही. वकिलाला हे सांगावे लागत नाही. ताबा आणि हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जमीन कसत असलात तरी सातबाऱ्यावर नाव लागते. गोदावरी ही तर पाच राज्यांच्या दाव्यांची नदी. तिच्या पाण्याच्या तंट्यासाठी १९६९ मध्ये न्यायमूर्ती बच्छावत यांच्या अध्यक्षतेखाली लवाद नेमला गेला. तो चालू असतानाच राज्यांनी आपापसात करार केले. त्यांतला महाराष्ट्र आणि आंध्र प्रदेश यांच्यातला करार ६ ऑक्टोबर १९७५ रोजी झाला. मुख्यमंत्रिपदी शंकररावच होते.

या कराराचे एक कलम जवळून वाचण्यासारखे आहे. गोदावरीवर पैठणपर्यंतचे आणि तिच्या पूर्णा या उपनदीवर सिद्धेश्वर धरणापर्यंतचे सगळे पाणी महाराष्ट्राने वापरावे. त्याच्या खाली, पोचमपाड धरणापर्यंतच्या टापूत, नव्या वापरासाठी महाराष्ट्राला ६० टीएमसी पाणी मिळावे. लातूरकडून वाहणाऱ्या मांजरेच्या पाण्याचीही वाटणी याच करारात ठरली. पुढे लवादाच्या निवाड्यात हे करार समाविष्ट झाले आणि त्यांना कायद्याचे बळ आले. कालवे आणि भिंती सगळ्यांना दिसतात, हे कलम मात्र फाईलमध्येच राहते. तरीही मराठवाड्याच्या पाण्याचा सातबारा तोच आहे.

त्या ६० टीएमसीच्या टापूतच नांदेडजवळ असर्जन इथला विष्णुपुरी प्रकल्प येतो. गोदावरी इथे खोल पात्रातून वाहते आणि शेते वर राहतात. म्हणून नदीवर बंधारा घालून पाणी अडवायचे, पंपांनी ते उंचावर चढवायचे आणि तिथून कालव्यात सोडायचे, अशी योजना झाली. आशियातल्या मोठ्या उपसा सिंचन योजनांत तिची गणना होते. तिच्या जलाशयाला शंकरसागर म्हणतात. नांदेड शहराची तहानही तोच भागवतो.

त्यांच्या कारभाराची दुसरी ओळख म्हणजे शिस्त. पत्रकार आणि अधिकारी त्यांना ‘हेडमास्तर’ म्हणत. मुख्यमंत्री म्हणून त्यांनी ‘झिरो पेंडन्सी’चा आग्रह धरला. टेबलावर आलेला कागद ठरल्या मुदतीत निकाली निघालाच पाहिजे. गावाहून एसटीने आलेल्या माणसाला ‘उद्या या’ म्हणणे म्हणजे त्याची आणखी एक दिवसाची मजुरी बुडवणे. तारखेवर तारीख मिळणाऱ्या पक्षकाराची दशा ज्याने कोर्टात पाहिली, त्याला त्या एका दिवसाचे मोल कळते.

१९८० मध्ये ते नांदेडमधून लोकसभेवर गेले. शिक्षण, नियोजन, संरक्षण, गृह, अर्थ अशी खाती त्यांनी केंद्रात सांभाळली. ते गृहमंत्री असताना १९८५ मध्ये पंजाब आणि आसाम करार झाले. मार्च १९८६ ते जून १९८८ ते पुन्हा मुख्यमंत्री होते. गृहमंत्रिपदाच्या दुसऱ्या कारकिर्दीत ६ डिसेंबर १९९२ रोजी अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली. त्यावेळी केंद्राने वेळीच पाऊल उचलले नाही, ही टीका त्यांच्याही वाट्याला आली. चरित्र सांगताना तीही सांगितली पाहिजे. २६ फेब्रुवारी २००४ रोजी त्यांचे निधन झाले.

त्याच वर्षी मे महिन्यात लातूरच्या चाकूरचे शिवराज पाटील देशाचे गृहमंत्री झाले. तेही कायद्याचेच पदवीधर, लातूरचे नगराध्यक्षपद भूषवलेले आणि लोकसभेचे माजी अध्यक्ष. नांदेड आणि लातूर हे शेजारचे जिल्हे. दोन्ही जिल्ह्यांनी देशाला एकेक गृहमंत्री दिला आणि राज्याला चार मुख्यमंत्री : नांदेडचे शंकरराव आणि त्यांचे पुत्र अशोकराव, लातूरचे शिवाजीराव पाटील निलंगेकर आणि बाभळगावचे विलासराव देशमुख. यांत निलंगेकर आणि विलासरावही कायदा शिकलेले. १९८६ मध्ये निलंगेकरांकडून शंकररावांकडे आणि २००८ मध्ये विलासरावांकडून अशोकरावांकडे मुख्यमंत्रिपद आले, म्हणजे दोन्ही वेळा ते लातूरहून नांदेडला आले.

आजही नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीत पाणी सोडण्याचा प्रश्न निघाला की मराठवाडा आपली बाजू कागदपत्रांनिशी मांडतो. हक्क मागायचा तर आकडा, कलम आणि तारीख हातात असावी लागते, हे शंकररावांनी आपल्याला दाखवून दिले. त्यांनी वकिली सोडली खरी, पण आपल्या मुलखाचे वकीलपत्र शेवटपर्यंत सोडले नाही.