खाणमजुराचा खोकला आणि गोळ्यांचे पाकीट

पनवेल तालुक्यात कुंडेवहाळ, ओवळे अशा गावांलगतच्या डोंगरांत सुरुंग लावून काळा दगड फोडला जातो, क्रशरवर त्याची खडी होते, आणि त्या वेळी उडणारी पांढुरकी भुकटी मजुरांच्या श्वासावाटे वर्षानुवर्षे आत जात राहते. अशा मजुराला खोकला येऊन धाप लागू लागली, की धूळ किंवा क्षय यांपैकी एक कारण जवळजवळ गृहीतच धरले जाते, आणि पुष्कळदा ते खरेही असते. तथापि तिसरे कारण त्याच्या गोळ्यांच्या पाकिटात असू शकते.

काही औषधांमुळे वायुकोशांच्या, म्हणजे श्वासातील हवा जिथे रक्ताला भेटते त्या सूक्ष्म पिशव्यांच्या, भिंती सुजतात आणि सूज रेंगाळली तर तेथे तंतू साचून फुप्फुस ताठर होते. यालाच औषधजन्य फुप्फुसविकार म्हणतात. हृदयाच्या अनियमित ठोक्यांवरील अमिओडॅरोन, मूत्रमार्गाच्या संसर्गावर दीर्घकाळ दिले जाणारे नायट्रोफ्युरँटॉइन आणि संधिवातावरील मेथोट्रेक्सेट ही त्यातली ठळक नावे होत.

यांपैकी मेथोट्रेक्सेटचा धुळीशी असलेला संबंध विशेष गुंतागुंतीचा आहे. स्फटिकरूप सिलिका दीर्घकाळ श्वासात गेल्यास सिलिकोसिस होतोच, शिवाय आमवाताभ संधिवाताचा धोकाही वाढतो. वेल्समधील कोळसा खाणकामगारांत संधिवात आणि फुप्फुसातील गाठी एकत्र आढळतात, हे कॅप्लन या डॉक्टरांनी 1953 मध्ये नोंदवले होते. म्हणजे ज्याच्या फुप्फुसाला आधीच इजा झालेली आहे, त्यालाच हे औषध लागण्याची शक्यता अधिक, आणि आधीची इजा असलेल्या फुप्फुसात या औषधाचा दाह होण्याचा धोकाही अधिक. पनवेलच्या बेसाल्टमध्ये मुक्त सिलिका ग्रॅनाइट किंवा वालुकाश्मापेक्षा पुष्कळ कमी असते, हे येथे ध्यानात घ्यावे लागते. परंतु मजूर एकाच खाणीवर आयुष्य काढत नाही, त्यामुळे त्याने पूर्वी कोणता दगड फोडला किंवा ओतकामाची वाळू हाताळली का, हेही विचारावे लागते.

दोन्ही विकारांची चाल वेगळी असते. सिलिकोसिस बहुधा दहा-वीस वर्षांत हळूहळू वाढतो आणि त्याच्या गाठी फुप्फुसाच्या वरच्या भागात अधिक दिसतात. मेथोट्रेक्सेटचा दाह मात्र काही दिवसांत किंवा आठवड्यांत कोरडा खोकला, ताप आणि वाढती धाप घेऊन येतो. तरीही जुन्या डागांनी भरलेल्या क्ष-किरण छायाचित्रात नवी धूसर छटा सहज हरवते आणि निर्णायक अशी एकच चाचणी नसल्याने, जंतुसंसर्ग व क्षय वगळून, औषध सुरू झाल्याच्या तारखेशी लक्षणांची तारीख ताडून पाहावी लागते.

रोग्याला त्याचा धंदा विचारावा, असे इटलीचे वैद्य रामाझिनी यांनी 1700 मध्ये लिहिले. खाणमजुराच्या बाबतीत त्याच कागदावर औषधांची यादीही यायला हवी. धुळीने पडलेले व्रण भरून येत नाहीत, औषधाचा दाह मात्र वेळीच ओळखला तर बहुधा ओसरतो, म्हणून तो धुळीच्या खाती जमा होऊन सुटणे अधिक क्लेशकारक आहे. औषध थांबवण्याचा निर्णय डॉक्टरांनीच घ्यावयाचा असतो, आणि अमिओडॅरोन तर बंद केल्यावरही कित्येक आठवडे, कधी महिने, शरीरात टिकून राहते. म्हणून मुक्काम हलवणाऱ्या मजुराजवळ जुन्या चिठ्ठ्या व रिकामी पाकिटे असणे निदानाच्या दृष्टीने क्ष-किरण छायाचित्राइतकेच मोलाचे ठरते.