गाणारीचं नाव

३१ डिसेंबरच्या संध्याकाळी आपल्या रेडिओवर सरत्या वर्षात गेलेल्या गायक-वादकांची आठवण जागवणारा अर्ध्या तासाचा कार्यक्रम झाला. तो आम्ही केला होता, म्हणजे आपल्या भागातल्या बचत गटांचं काम बघणाऱ्या आम्ही चौघींनी. तेव्हापासून मासिक बैठकीला कुठल्याही गावात गेलो की दोन प्रश्न येतात. पहिला, ही यादी तुम्ही कुठून काढलीत आणि अमक्याचं गाणं का नाही लावलं? दुसरा, शेवटी ज्या आजींची ओवी लावली त्यांचं नाव का नाही घेतलं? आज दोन्हींबद्दल सांगतो. दुसऱ्याचं उत्तर मात्र अजून आमच्याकडे पुरतं नाही.

आधी यादी. २०२२ हे वर्षच असं गेलं की जानेवारीपासून बातम्या थांबेनात. ८ जानेवारीला नाट्यसंगीत गाणारे रामदास कामत गेले, मूळचे गोव्यातल्या साखळीचे. २२ जानेवारीला कीर्ती शिलेदार गेल्या. ६ फेब्रुवारीला लता मंगेशकर. १५ फेब्रुवारीला एकाच दिवशी कोलकात्यात संध्या मुखर्जी आणि मुंबईत बप्पी लाहिरी. १० मे रोजी पंडित शिवकुमार शर्मा, ३१ मे रोजी केके, १८ जुलैला भूपिंदर सिंग. आता वर्ष संपलं असं म्हणत असताना १० डिसेंबरला सुलोचना चव्हाण गेल्या.

या तारखा जमवताना आम्हाला चांगलाच धडा मिळाला. आमची पहिली यादी मोबाइलवर आलेल्या मेसेजवरून केली होती आणि त्यात एक गायिका चक्क हयात निघाल्या! केंद्रावरच्या ताईंनी तिथल्या तिथे यादी परत केली. मग आम्ही ठरवलं, दोन वर्तमानपत्रांत छापून आलेलं सापडल्याशिवाय नाव घ्यायचं नाही. सुलोचनाबाईंच्या बाबतीत तर वेगळाच घोळ झाला. बातमी आली त्या दिवशी एका गटातल्या बायका सिनेमात आई व्हायच्या त्या सुलोचनादीदींसाठी हळहळत बसल्या होत्या. त्या सुलोचना लाटकर, अभिनेत्री, त्या तेव्हा हयात होत्या. गेल्या त्या सुलोचना चव्हाण, लावणी गाणाऱ्या. एकीचा चेहरा घराघरात ठाऊक आणि दुसरीचा आवाज, पण आवाजाच्या धनिणीचा चेहरा आमच्यातल्या निम्म्या जणींनी बातमीतच पहिल्यांदा पाहिला.

गाणी का लावली नाहीत, याचं कारण कायद्यात आहे. गाणं एकाच माणसाचं नसतं. ते कुणी लिहिलेलं असतं, कुणी चाल लावलेली असते आणि कुठल्या तरी कंपनीनं ते रेकॉर्ड केलेलं असतं. रेकॉर्डिंगवरचा हक्क ते बाजारात आल्यापासून ६० वर्षं राहतो. शब्दांवरचा आणि चालीवरचा हक्क तर लिहिणारा आणि चाल लावणारा वारल्यानंतरही ६० वर्षं चालतो. त्यामुळे बऱ्याच जुन्या गाण्यांनाही परवानगी लागते आणि परवानगीला पैसे लागतात. आपल्या केंद्राचा आवाज जेमतेम दहा-पंधरा किलोमीटर जातो, तिजोरीही तेवढीच. म्हणून दोनच गाण्यांची परवानगी काढली आणि बाकी वेळ बोलून भरून काढला.

लताबाईंबद्दल काय बोलायचं, यावर आमची बराच वेळ वादावादी झाली. गोड आवाज, हजारो गाणी, भारतरत्न हे सगळं टीव्हीवर आठवडाभर ऐकून झालं होतं. शेवटी आम्ही रेडिओचीच गोष्ट सांगितली. १९४९ साली 'महल' सिनेमा आला. त्यातलं एक गाणं लांबून जवळ येतंय असं वाटायला हवं होतं, म्हणून एकोणीस-वीस वर्षांच्या लताबाई खोलीच्या कोपऱ्यातून गात गात माइकपर्यंत चालत आल्या होत्या. त्या गाण्याची तबकडी निघाली तेव्हा तिच्यावर गाणारीचं नाव होतं 'कामिनी'. कामिनी हे सिनेमातल्या पात्राचं नाव! तेव्हाची रीतच तशी होती. गाणं रेडिओवर वाजायला लागलं आणि लोकांची पत्रं सुरू झाली, ही कामिनी कोण, खरी गाणारी कोण? शेवटी रेडिओनं कंपनीकडे विचारणा केली आणि लता मंगेशकर हे नाव सांगितलं गेलं.

ही गोष्ट आम्ही गटाच्या बैठकीत आधी सांगून पाहिली, तर पापड करणाऱ्या एका ताई लगेच म्हणाल्या, "आमच्या पाकिटावर दुकानदाराचं नाव असतं, तसंच की हे." तसंच आहे ते. आणि लताबाई नाव छापून आल्यावर गप्प बसल्या नाहीत. फिल्मफेअरच्या पुरस्कारांत संगीतकाराला बक्षीस होतं, गाणाऱ्याला नव्हतं. तर मग मी तुमच्या समारंभात गाणार नाही, असं त्यांनी सांगितलं. १९५९ पासून गाणाऱ्यांसाठी पुरस्कार सुरू झाला आणि पहिला त्यांनाच मिळाला, 'मधुमती'मधल्या गाण्यासाठी. पुढे साठच्या दशकात त्यांनी मागणी केली की गाणं जितकं विकलं जाईल त्यातला वाटा गाणाऱ्यालाही मिळाला पाहिजे. एकदा पैसे घेतले की संपलं, असं मानणाऱ्यांत मोहम्मद रफीही होते. त्यावरून दोघांनी काही वर्षं एकत्र गाणंही थांबवलं. कोण बरोबर यावर आमच्यातही दोन मतं आहेत, पण २०१२ साली कॉपीराइट कायदा दुरुस्त झाला. त्यात गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क पक्का झाला आणि गाणाऱ्यांचाही वाटा मान्य झाला. अर्ध्या शतकानंतर.

याच लताबाईंनी एका ठिकाणी मात्र स्वतःहून नाव लपवलं. 'मोहित्यांची मंजुळा', 'मराठा तितुका मेळवावा', 'साधी माणसं', 'तांबडी माती' या मराठी सिनेमांना संगीत देणारे 'आनंदघन' म्हणजे त्याच. 'साधी माणसं'ला राज्याचा संगीताचा पुरस्कार मिळाला तेव्हा आनंदघन कोण हे सगळ्यांसमोर सांगितलं गेलं. तबकडीवर नाव नव्हतं ते दुसऱ्यांनी ठरवलेलं आणि सिनेमाच्या पाटीवर नाव नव्हतं ते त्यांनी ठरवलेलं. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सुलोचनाबाईंचा जन्म १९३३ सालचा, मुंबईचा, माहेरच्या कदम. लहानपणापासून सिनेमात गायच्या. दिग्दर्शक श्यामराव चव्हाणांशी लग्न झालं. लावणीतला शब्द कसा फेकायचा, ठसका कुठं द्यायचा हे मला नवऱ्यानं शिकवलं, असं त्या सांगत. लावणीसम्राज्ञी ही पदवी आचार्य अत्र्यांनी दिलेली. 'रंगल्या रात्री अशा', 'सवाल माझा ऐका', 'मल्हारी मार्तंड' हे सिनेमे आता फारसे कुणी बघत नाही, पण त्यातल्या त्यांच्या लावण्या गणपतीत, वरातीत, शाळेच्या गॅदरिंगला आजही लागतात. आणि ही बाई कार्यक्रमाला बसायची कशी, तर अंगभर पदर लपेटून, माइकसमोर ताठ. हातवारे नाहीत, डोळे मोडणं नाही, जो काय नखरा तो सगळा गळ्यात. २०२२ च्या प्रजासत्ताक दिनाला त्यांना पद्मश्री जाहीर झाली आणि त्याच वर्षाच्या शेवटी त्या गेल्या.

आमच्यातल्या एकीच्या घरी रेडिओवर लावणी लागली की आजोबा उठून आवाज बारीक करायचे. चुलीपाशी आजी मात्र पुढची ओळ पुरी करायची, तोंडातल्या तोंडात. लावणी सगळ्यांना हवी असते, पण लावणी गाणारी आपल्या घरातली नको असते. सुलोचनाबाईंना मान मिळाला त्यात त्यांच्या गळ्याचा वाटा मोठा, पण त्या फडावर नव्हत्या, संसारी होत्या, पदर घेऊन गायच्या, याचाही वाटा होता असं आम्हाला वाटतं. हे बोलून दाखवावं की नाही, यावरही आमची चर्चा झाली होती. दाखवलं.

बाकीच्यांना थोडाथोडाच वेळ देता आला. कीर्तीताई जयराम आणि जयमाला शिलेदारांच्या घरच्या, संगीत नाटकातच वाढलेल्या, २०१८ च्या नाट्यसंमेलनाच्या अध्यक्ष. संध्या मुखर्जींनी नव्वदाव्या वर्षी देऊ केलेली पद्मश्री नाकारली होती. संतूर म्हणजे काय, हे विचारणाऱ्या पुष्कळ होत्या. शंभराच्या आसपास तारा असलेली लाकडी पेटी, मांडीवर ठेवून दोन हलक्या काड्यांनी वाजवायची. काश्मीरमध्ये सूफी गाण्याच्या साथीला असलेलं हे वाद्य शिवकुमारजींनी शास्त्रीय मैफिलीत आणून बसवलं.

आता आजींचं.

दीड वर्षापूर्वी आम्ही गावोगाव जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करत होतो. हे काम आम्ही नव्यानं शोधलेलं नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी हजाराहून जास्त गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. प्रत्येक ओवीपुढे गाणारीचं आणि तिच्या गावाचं नाव लिहिलं. ते पाहून आम्हीही एक कागद केला. त्यावर गाणारीचं नाव, गाव आणि 'माझा आवाज माझ्या नावासह लावायला माझी हरकत नाही' एवढी एक ओळ, खाली सही किंवा अंगठा. पंखा बंद, कोंबड्या बाहेर, मोबाइल तोंडापासून वीतभर, असं सगळं करून आम्ही त्या आजींच्या घरी बसलो. दोन ओव्या झाल्या. मग आजी म्हणाल्या, "दार लोटून घे गं." आणि त्यांनी गवळण म्हटली. आवाज पिकलेला, पण ताल असा पक्का की आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो. तरुणपणी त्या तमाशाच्या फडात होत्या. कागदावर नाव सांगताना त्यांनी नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव सांगितलं नाही. फडातल्या रीतीनं स्वतःचं नाव आणि पुढे माहेरच्या गावाचं नाव, विठाबाई नारायणगावकर, यमुनाबाई वाईकर असतात तसं. "हेच लिव्ह," म्हणाल्या आणि अंगठा उठवला.

गेल्या चैत्रात आजी वारल्या. कार्यक्रमाआधी आम्ही घरी विचारायला गेलो. मुलं म्हणाली, ओवी लावा, पण ते नाव नको. नातीची सोयरीक चालू आहे. गावात सगळ्यांना माहीत आहे, पण माहीत असणं वेगळं आणि रेडिओवर ऐकणं वेगळं. मुलं वाईट नाहीत, आईला शेवटपर्यंत नीट सांभाळलंय त्यांनी. आमच्यात दोन तट पडले. दोघी म्हणाल्या, आजींनी स्वतः अंगठा दिलाय, नाव त्यांचं आहे, मुलांना विचारायचंच कशाला? दोघी म्हणाल्या, थोरली सून आपल्या गटात आहे, उद्या त्या घरात तिलाच राहायचंय. शेवटी ओवी लावली आणि फक्त एवढं सांगितलं की आजींनी आपलं नाव आमच्याकडे दिलेलं आहे. लताबाईंचं नाव त्यांना न विचारता पुसलं गेलं, असं त्याच कार्यक्रमात दहा मिनिटं आधी आम्हीच बोललो होतो. हे आमच्या लक्षात आलं ते कार्यक्रम संपल्यावर. (आज हे सांगतोय ते घरच्यांना विचारून. नाव आणि गाव सोडून काय ते सांगा, असं ते म्हणाले.)

रात्री केंद्राचा फोन वाजत राहिला. या कोण, म्हणून विचारणारेच बहुतेक. एक बाई मात्र विचारत नव्हत्या. त्यांनी आजींचं नाव सांगितलं, पुरतं, गावासकट, आमच्या कागदावर आहे तसंच. त्या आजींच्या शेजारी उभं राहून नाचलेल्या. "वळखलं की मी, पहिल्याच वळीला. नाव का न्हाई घेतलं वं तिचं?" आमच्यातल्या जिनं फोन घेतला होता ती काही बोलू शकली नाही. ते बोलणं दुसऱ्या दिवशी आम्ही सुनेला सांगितलं.

परवा तिचा निरोप आला. चैत्रात वर्षश्राद्ध आहे, या, आणि येताना तो अंगठ्याचा कागद घेऊन या. थोरल्यानं अजून तो पाहिलेला नाही.