नवे इंजिन आणि जुनी होडी

मी मराठीचा प्राध्यापक. वृत्ते, अलंकार आणि संतवाङ्मय यांत माझी अठरा वर्षे गेली. तेव्हा यंत्राच्या होड्या कशाने पळतात, यावर मी चार शब्द लिहावेत, हे वाचून माझे विद्यार्थी गालांतल्या गालांत हसतील. हसोत बापडे! या विषयात मी हौसेने शिरलो नाही. माझ्या एका बालमित्राच्या कर्जापायी शिरलो.

हा मित्र आमच्या कोकणातल्या गावी मासेमारी करतो. घरची लाकडी होडी. पाण्यावर भरते ती सुमारे छत्तीस फूट. संध्याकाळी बंदरावर लिलावाला जो आधी पोचतो त्याच्या मासळीला भाव, मागाहून येणाऱ्याच्या पदरात उरलेसुरले. म्हणून त्याने कर्ज काढून तीन सिलिंडरचे जुने इंजिन काढले आणि सहा सिलिंडरचे बसवले. गेल्या मेच्या सुट्टीत मी गावी गेलो, तेव्हा नवलाईची फेरी मारायला त्याने मलाही होडीत घेतले.

इंजिनाने गर्जना केली. होडीची नाळ वर उचलली गेली, मागची बाजू पाण्यात बसली, आणि पाठीमागे अशी लाट उठली की काठावरची पोरे टाळ्या पिटू लागली. डिझेलचा काटा भराभर उतरत होता. पण वेग? जुन्या इंजिनापेक्षा जेमतेम इतकासा जास्त! मित्राचा चेहरा मला पाहवेना. किनाऱ्यावर ती होडी बांधणारे म्हातारे सुतार विडी ओढत बसले होते. ते म्हणाले, "बैलाला कितीबी चाबूक हाणलास, तरी त्याचा घोडा व्हईल काय रं?"

हे वाक्य घेऊन मी शहरात परतलो आणि ग्रंथालयात मराठीचे कपाट सोडून भलत्याच कपाटासमोर उभा राहिलो.

तिथे भेटला विल्यम फ्रूड नावाचा इंग्रज अभियंता. गेल्याच्या मागल्या शतकात, १८६७ च्या सुमारास, त्याने होड्यांच्या प्रतिकृती पाण्यातून ओढून पाहिल्या. एकीचे नाव 'रेव्हन', म्हणजे कावळा, ती अणकुचीदार. दुसरी 'स्वान', म्हणजे हंस. ती टोकांना बोथट. टोकदार ती वेगवान, अशी त्या काळच्या पंडितांची खात्री. प्रत्यक्षात वेग वाढला तसा बोथट हंसच कमी विरोधात पुढे जाऊ लागला! (आमच्या वाङ्मयात हंसाचा पक्ष घेणारे पुष्कळ, पण असा पुरावा कोणी दिलेला नाही.)

माझ्या मित्राच्या होडीचे कोडे फ्रूडच्याच कामातून सुटते. होडी चालली की ती स्वतः लाट उठवते, आणि वेग वाढतो तशी त्या लाटेची लांबी वाढते. एका वेगाला लाट बरोबर होडीएवढी लांब होते: एक माथा नाळेपाशी, दुसरा मागच्या टोकाशी. त्यापुढे वेग वाढवू म्हटले की मागचा माथा आणखी मागे सरकतो, होडीचा पार्श्वभाग दोन लाटांमधल्या खळग्यात उतरतो आणि बिचारी आपल्याच लाटेचा चढ चढत बसते. ठोकताळा असा: पाण्यावरची लांबी फुटांत घ्या, तिचे वर्गमूळ काढा, त्याला १.३४ ने गुणा. उत्तर येते ते सागरी मैलांत, तासाला. छत्तीसचे वर्गमूळ सहा. म्हणजे आठ सागरी मैल, आपले पंधरा किलोमीटर. सहा सिलिंडर लावा नाहीतर बारा, खर्च होतो तो मुख्यतः लाट उंच करण्यात.

यातून सुटायचे कसे? एक वाट होडी लांब आणि सडपातळ करण्याची. १८९७ साली इंग्लंडमध्ये आरमाराच्या पाहणीच्या वेळी 'टर्बिनिया' ही जेमतेम नऊ फूट रुंद आणि शंभराहून थोडी अधिक फूट लांब नौका चौतीस सागरी मैलांच्या वेगाने पळाली आणि सगळे बघत राहिले. मांडव्याला जाणाऱ्या जोडहोडीचीही दोन अंगे अशीच अरुंद असतात.

दुसरी वाट पाण्यात न राहण्याची! चपटा दगड पाण्यावर टप्पे घेत जातो, तसा सपाट तळ वेगात पाण्यावर उचलला जातो. पण त्यासाठी मागची बाजू रुंद, सपाट आणि कडेला धारदार हवी. आमच्या होडीचा तळ मागे गोलसर वर वळलेला. ओझे वाहायला आणि लाट झेलायला उत्तम, पण वेग घेतला की पाणी त्याला खालीच ओढते.

सपाट तळालाही शाप आहेच. खवळलेल्या समुद्रात तो असा आपटतो की बसणाऱ्याचे मणके खिळखिळे व्हावेत. अमेरिकेत रे हंट या आखणीकाराने तळाला खोल 'व्ही'चा आकार दिला आणि तो थेट मागच्या टोकापर्यंत नेला. १९६० च्या मायामी ते नसाऊ या शर्यतीत समुद्र भयंकर उसळला असताना त्याच आकाराची एकतीस फुटी 'मॉपी' पहिली आली. अशा तळाला सपाट तळापेक्षा ताकद जास्त लागते. पण पाणी चिरत जाणे म्हणजे काय ते त्या दिवशी लोकांना कळले.

आणि ज्याने मला रात्री झोपू दिले नाही तो डोनाल्ड कॅम्बेल. त्याची 'ब्लूबर्ड' जेट इंजिनाची. पुढे दोन बाजूंना दोन पाय, मागे एक टेकू. भर वेगात ती जेमतेम तीन ठिकाणी पाण्याला शिवे, बाकी सगळी हवेवर. १९५५ पासून १९६४ पर्यंत तिने सात वेळा जागतिक उच्चांक मोडला. पण पाण्याचा विरोध टाळायला जी हवा पोटाखाली घेतली, तीच नाक थोडे जास्त वर झाले की नौका उलथवू शकते. ४ जानेवारी १९६७ रोजी इंग्लंडच्या कॉनिस्टन सरोवरावर त्याने पहिली फेरी ताशी २९७ मैलांहून अधिक वेगाने केली. नियमाप्रमाणे उलट फेरी हवी. पहिल्या फेरीच्या लाटा शमण्याची वाट न पाहता तो वळला. ब्लूबर्ड थरथरली, नाक उचलले गेले, ती हवेत कोलांटी घेऊन पाण्यावर कोसळली. त्याचे खेळण्यातले अस्वल तेवढे तरंगत सापडले. त्याचा देह मिळाला तो २००१ साली, चौतीस वर्षांनी! पुढे १९७८ मध्ये केन वॉर्बी या ऑस्ट्रेलियनाने घराच्या मागल्या अंगणात लाकडाची नौका बांधून ताशी ३१७ मैल गाठले. तो उच्चांक अजून कोणी मोडलेला नाही.

गणपतीला गावी गेलो तेव्हा हे सारे मित्राला सांगितले. त्याने कॅम्बेलची हकिगत लक्ष देऊन ऐकली, आणि मग विचारले, "ते असू दे प्रोफेसर. कर्ज फेडून झालं की मी नवी होडी बांधणार. एकोणपन्नास फूट केली तर?"

मी दारातल्या फळीवर खडूने मांडले. एकोणपन्नासचे वर्गमूळ सात. सात गुणिले १.३४, म्हणजे नऊ पूर्णांक चार.

"म्हणजे तेरा फूट लाकूड आणि दीड मैलसुद्धा नाही?" तो म्हणाला. मग बराच वेळ फळीवरच्या आकड्यांकडे बघत राहिला आणि घरात जाऊन सुतारकाकांकडे निरोप धाडला, की उद्या सवडीने येऊन जा.